हळदीच्या रात्री जारात व्होडका अन् एनर्जी ड्रिंक: पोरांना काय सांगावं?

मांजराकाठ

राम राम मंडळी.

वैशाखात माझ्या चुलतभावाचं लग्न आहे. हळद आदल्या रात्री आमच्या गावात, अंबाजोगाईपासून जवळच. लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीकडं, औशाच्या पुढं. मंडप, आचारी, पाण्याचे जार, डीजे, वऱ्हाडाच्या गाड्या हे सगळं माझ्याकडं आहे. आण्णा, म्हणजे नवरदेवाचे वडील, परवा म्हणाले, "अन् पोरांचंही तूच बघ." पोरांचं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही अन् मी विचारलं नाही. आमच्या घरात दारू येत नाही. पण हळदीच्या रात्री पोरं आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, बसतात हे गावात कुणाला माहीत नाही?

आधी पोरं रम नाहीतर व्हिस्की आणायची. पाणी-सोडा घालून प्यायची, शेंगदाणे-फुटाणे खायची अन् दोन तासांत निम्मी बाजेवर आडवी व्हायची. आता तऱ्हा बदललीय. थंड पाण्याचा जार घेतात, सगळं पाणी सांडून देतात, त्यात व्होडका ओततात, वरून स्टिंग या एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या अन् बर्फ. तोटी सोडली की ग्लास भरला. लाल, गोड, थंडगार. कुणी किती घेतली हे कुणालाच माहीत नसतं, घेणाऱ्यालाही नाही. अन् कुणी झोपत नाही. पहाटेपर्यंत डीजेसमोर नाचायलेत.

या लग्नासाठी पोरांनी मला यादी दिलीय: व्होडकाचे चार खंबे (७५० मिलीच्या बाटल्या), स्टिंगच्या चोवीसच्या दोन पेट्या. पंधरा-सोळा जण आहेत, बहुतेक विशीतले.

माझ्या मनात हे का घोळतंय ते सांगतो. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात असंच एनर्जी ड्रिंक मिसळून प्यायलेला एक पोरगा रात्री दोन वाजता मित्राला सोडायला मोटारसायकल घेऊन निघाला. निघताना माझ्याशी बोलला. जीभ जड नाही, पाय सरळ, "दादा, जिलेबी लई भारी झाली होती" म्हणाला. कालव्याच्या वळणावर गाडी सरळ खाली गेली. गळ्याजवळचं हाड मोडलं, मागं बसलेल्याचे पुढचे दात गेले. दोघं वाचले. नंतर भेटला तेव्हा तो हेच म्हणायला, "दादा, खरंच सांगतो, मला चढलीच नव्हती." तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटलं होतं. त्या दिवसापासून मला हे काहीतरी वेगळं प्रकरण वाटायलंय.

तर माझे प्रश्न. एनर्जी ड्रिंकनं नशा खरंच कमी होते का, का नुसती कमी वाटते? व्होडका व्हिस्कीपेक्षा हलकी असते म्हणतात, ते खरं का? अन् पोरांना हे समजावायचं कसं?

दारू पिऊच नये हे मला मान्य आहे, मी स्वतः घेत नाही. पण तेवढं एक वाक्य ऐकून गप्प बसणारी ही पोरं नाहीत. मला त्या रात्रीची काळजी आहे. कृपा करून त्याबद्दल बोला.

गल्ल्यावरून

दादा, मी संभाजीनगरात एका परमिट रूमच्या काउंटरला आहे. मला ठाऊक आहे तेवढं सांगतो.

व्होडका हलकी नसते. बाटलीवर बघा, व्हिस्की असो, रम असो, व्होडका असो, आपल्याकडं बहुतेकांवर ४२.८ टक्केच छापलेलं असतं. व्होडकाला वास कमी, रंग नाही, म्हणून ती हलकी वाटते. त्यात आंबट-गोड मिसळलं की जिभेला दारूचा कडूपणाच कळत नाही.

हे मिश्रण काही आपल्या पोरांनी काढलेलं नाही. व्होडका-रेडबुल जगभरच्या बारमध्ये मिळतं. येगरबॉम्ब म्हणून एक प्रकार आहे. येगरमाइस्टर ही जर्मनीची ५६ वनस्पती घालून केलेली ३५ टक्क्यांची दारू. तिचा छोटा ग्लास एनर्जी ड्रिंकच्या मोठ्या ग्लासात टाकायचा अन् एका दमात प्यायचं. आमच्याकडं हे मागणारे थोडेच, कारण कॅन महाग पडतो. वीस रुपयांची बाटली आली अन् हेच काम टपरीवर, शेतात, गाडीच्या डिक्कीवर सुरू झालं. फरक एवढाच की बारमध्ये मापाचा पेग असतो, तीसचा नाहीतर साठचा. जाराला माप नाही.

तुमच्या यादीचा हिशेब मी कागदावर केला. चार खंबे म्हणजे ३ लिटर व्होडका. अठ्ठेचाळीस बाटल्या म्हणजे १२ लिटर. सगळं मिळून १५ लिटर, बर्फ सोडून. त्याची तीव्रता येते साडेआठ टक्क्यांच्या आसपास. स्ट्राँग बिअरवर ८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे हे तिच्यापेक्षा कडक. दोनशे मिलीच्या एका प्लास्टिक ग्लासात ४० मिली व्होडका. उन्हाळ्याच्या रात्री नाचून तहान लागलेला पोरगा असे पाच ग्लास सहज घेतो, म्हणजे २०० मिली. क्वार्टर १८० ची असते. त्याला विचारा, तो म्हणेल, "मी तर नुसतं स्टिंगच पीत होतो."

काउंटरवरून आणखी एक गोष्ट दिसते. पाण्यातून व्हिस्की घेणारा गिऱ्हाईक तिसऱ्या पेगला मंदावतो, बोलणं हळू होतं, मग जेवण मागवतो. एनर्जी ड्रिंकवाल्या टेबलावरून जेवणाची ऑर्डर येतच नाही. ती पोरं बसत नाहीत, उठतात, फिरतात, मोठ्यानं बोलतात अन् पुढचा पेग लवकर मागतात. मालकाला धंद्याच्या दृष्टीनं हे टेबल चांगलं. मला मात्र त्या टेबलाची भीती वाटते, कारण बिल झाल्यावर ती सगळी गाड्यांकडं जातात.

माझं मत विचाराल तर जेवलेल्या, जाणत्या माणसानं मोजून एक ग्लास घेतला तर आभाळ कोसळत नाही. घात जार करतो. तो आधी बंद करा. अन् हो, त्या पंधरा-सोळांत पंचविशीच्या आतले किती हे बघा. महाराष्ट्रात कडक दारूला वय २५ लागतं, बिअर-वाइनला २१, आणि पिण्याचा परवानाही लागतो. तुम्ही स्वतः आणून देणार असाल तर याचा विचार आधी करा.

रात्रपाळी

मी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, बरीच वर्षं कॅज्युअल्टीत. मांजराकाठ दादा, तुमचा पहिला प्रश्न फार नेमका आहे. नशा कमी होत नाही. कमी वाटते. बाकी सगळं यातूनच निघतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण जागे असतो तसतसं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते मेंदूतल्या ठरावीक जागांवर जाऊन बसलं की आपल्याला पेंग येते. दारूनं हा परिणाम आणखी वाढतो, म्हणून प्यायलेला माणूस जांभया देतो, जीभ जड होते, शेवटी आडवा होतो. कॅफीन नेमकं त्याच जागा अडवून बसतं. मग पेंग येत नाही. पण रक्तात दारू जेवढी होती तेवढीच राहते. ती लिव्हर आपल्या गतीनं जाळतं आणि त्या गतीवर कॅफीनचा काही असर नाही. ट्रॅक्टरच्या हीटचा काटा काढून खिशात ठेवला म्हणून इंजिन थंड होत नाही, तसं आहे हे.

ब्राझीलमध्ये २६ तरुणांवर याचीच चाचणी झाली, ती २००६ साली प्रसिद्ध झाली. एकदा नुसती व्होडका, एकदा नुसतं एनर्जी ड्रिंक, एकदा दोन्ही मिसळून. मिसळून घेतल्यावर त्यांना डोकेदुखी कमी वाटली, अशक्तपणा कमी वाटला, हातपाय नीट चालतायत असं वाटलं. प्रत्यक्ष मोजल्यावर हातापायांचा ताळमेळ आणि प्रतिक्रियेचा वेग नुसती व्होडका घेतल्यावर होता तितकाच बिघडलेला. श्वासातली दारूही तेवढीच. तुमच्या त्या कालव्यावरच्या पोराचं "मला चढलीच नव्हती" हे अगदी असंच होतं.

आता आमच्याकडं काय दिसतं ते. लग्नसराईत मध्यरात्रीनंतर पोरं येतात. पूर्वीची प्यायलेली पोरं उचलून आणावी लागायची. ही चालत येतात. छाती धडधडते म्हणतात, हात थरथरतात, नाडी मोजावी तर सव्वाशे. सोबत आलेली म्हणतात, "सिस्टर, हा तर शुद्धीत आहे, उगाच घाबरलाय." थोड्या वेळानं तोच पोरगा बाकावर बसल्या बसल्या कलंडतो. मी सोबतच्यांना तेव्हा जे सांगते तेच इथं सांगते: झोप लागणं हे शरीरानं लावलेलं ब्रेक आहे. ते ब्रेक लागलं नाही की माणूस पीत राहतो आणि दारू तिथपर्यंत पोचते जिथं श्वास मंदावतो.

त्यात आपला वैशाख. दिवसा ४२-४३ अंश, रात्री मंडपातसुद्धा हवा तापलेली. पोरं दोन-दोन तास नाचून घामानं निथळलेली. शरीरात पाणी धरून ठेवणारं एक संप्रेरक असतं, दारू ते दाबते, म्हणून लघवी जास्त होते. घामानं गेलेलं पाणी, लघवीनं गेलेलं पाणी, आणि वर जे पितात त्यात पाणी असूनही ते भरून निघत नाही. चक्कर, उलटी, पायात गोळे यातले बरेच पेशंट मुळात कोरडे पडलेले असतात.

हृदयाचंही सांगते. एका रात्रीत खूप दारू पिऊन हृदयाचे ठोके बेताल होतात, हे चांगल्या धडधाकट माणसांतही घडतं. डॉक्टर लोक त्याला १९७८ पासून हॉलिडे हार्ट म्हणतात. कुणाच्या हृदयात जन्मापासूनचा एखादा दोष असतो आणि विशीत तो माहीतच नसतो. अशा पोराला भरपूर दारू आणि भरपूर कॅफीन एकाच रात्री देणं मला नको वाटतं.

त्या रात्रीसाठी एवढं लक्षात ठेवा. कुणी हलवूनही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी झाला असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांची फट पडत असेल, ओठ-नखं निळसर किंवा अंग गार लागत असेल, तर "झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल" म्हणू नका. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर वळवा, उताणं ठेवू नका, उलटी घशात अडकून माणूस जातो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात लिंबूपाणी, ताक, मीठपाणी काही घालू नका. घशात बोट घालून उलटी काढायला जाऊ नका. डोक्यावर बादली ओतू नका. अंबाजोगाईला स्वारातीचं (स्वामी रामानंद तीर्थ सरकारी मेडिकल कॉलेजचं) मोठं हॉस्पिटल तुमच्या जवळ आहे, तिथं न्यायला लाजू नका. आणि काय प्यायला, किती वाजता, कशात मिसळून, ते खरं सांगा. आम्हाला त्याचाच उपयोग होतो.

लातूरकर२१

दादा तुम्ही लई टेन्शन घ्यायलाव. आम्ही मित्र मित्र नेहमी घेतो, काहीच होत नाही. उलट नुसती दारू घेतली की झोप लागते, मज्जा येत नाही. स्टिंगनं फ्रेश वाटतं. चहा पण तर कॅफीनच आहे ना? मग चहा बंद करा. अन् अभ्यासाच्या रात्री सगळ्या क्लासची पोरं स्टिंग पितात, त्यांना काय झालं?

परभणी फूडटेक

लातूरकर भाऊ, प्रश्न रास्त आहे, म्हणून आकड्यांत उत्तर देतो. मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञान शिकलो, पेयांच्या कारखान्यात काम केलंय, लेबल वाचणं हा माझा रोजचा धंदा होता.

आपल्याकडं या पेयांना कायद्यात कॅफिनेटेड बेव्हरेज म्हणतात. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या, नियमानुसार लिटरमागे कॅफीन कमीत कमी १४५ आणि जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम. म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत फार तर ७५. घरच्या कपभर चहात साधारण ३० ते ५० असतं. म्हणजे एक बाटली जवळजवळ दोन कप चहा. हे काही विष नाही. पण चहा गरम असतो, घोट घोट जातो आणि कुणी एका बैठकीत सहा कप पीत नाही. थंड गोड पेय घटाघटा जातं. त्याच बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं की लहान मुलं, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायका आणि कॅफीन न सोसणारी माणसं यांनी घेऊ नये, आणि दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त नको. रात्रीच्या अभ्यासाला पिणाऱ्या पोरांपैकी किती जणांनी ते वाचलंय? २०२४ च्या जुलैत विधान परिषदेत मंत्र्यांनी शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीनची पेयं विकायला बंदी आणू असं सांगितलं होतं. ही काळजी तर नुसत्या पेयाची, दारूविना.

आता जाराकडं या. गल्ल्यावरून यांचा हिशेब पुढं नेतो. एका ग्लासात १६० मिली एनर्जी ड्रिंक, म्हणजे ४८ मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन. पाच ग्लासांत २४०. निरोगी प्रौढानं एका वेळी २०० च्या पुढं जाऊ नये असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये सांगितलंय. आणि कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री बाराला घेतलेलं पहाटे पाचला निम्मं शिल्लक.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती अमेरिकेची गोष्ट. तिथं फोर लोको नावाचं पेय डब्यात तयार मिळायचं. दारू आणि कॅफीन एकत्र, वर फळांचा गोडवा, भडक रंगाचा डबा. एका डब्यात ६९५ मिली, तीव्रता १२ टक्क्यांपर्यंत. ऑक्टोबर २०१० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका पार्टीनंतर सेंट्रल वॉशिंग्टन विद्यापीठाचे नऊ विद्यार्थी दवाखान्यात गेले. पोलिसांना आधी वाटलं की कुणीतरी पेयात गुंगीचं औषध घातलं. तपासात निघालं ते हेच पेय. १७ नोव्हेंबर २०१० ला तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं अशी पेयं बनवणाऱ्या चार कंपन्यांना पत्रं धाडली: दारूत घातलेलं कॅफीन आम्ही सुरक्षित मानत नाही. कंपन्यांना कॅफीन काढावं लागलं. फोर लोको आजही मिळतं, पण कॅफीनशिवाय.

आता हे ताडून बघा. एक क्वार्टर १८० मिली, ४२.८ टक्के. त्यात दोन बाटल्या एनर्जी ड्रिंक, ५०० मिली. एकूण ६८० मिली, तीव्रता ११ टक्क्यांच्या वर, कॅफीन १५० पर्यंत. आकार तोच, तीव्रता जवळजवळ तीच. अमेरिकेनं जो डबा बाजारातून काढायला लावला तो आपली पोरं आखाड्यावर स्वतः तयार करतायत. फरक एवढाच की त्या डब्यावर निदान आकडे छापलेले होते.

लातूरकर भाऊ, तुम्ही म्हणता काही होत नाही. उत्तर कॅरोलिनातल्या दहा विद्यापीठांच्या चार हजारांवर विद्यार्थ्यांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. नुसती दारू पिणाऱ्यांपेक्षा मिसळून पिणाऱ्यांत दुखापत होण्याचं आणि प्यायलेल्या माणसाच्या गाडीत बसण्याचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. मिसळून पिणारे मुळातच धाडसी असतात का, का मिश्रणामुळं तसं होतं, यावर संशोधकांत वाद आहे आणि तो प्रामाणिक वाद आहे. पण आपल्या गावच्या रस्त्यासाठी मला दोन्ही उत्तरं सारखीच काळजीची वाटतात.

रात्रपाळी

लातूरकर, बाळा, "झोप लागते म्हणून मज्जा येत नाही" असं तू लिहिलंस. तेच तर. झोप लागते तेव्हा तुझं शरीर पुरे म्हणत असतं. एकदा मित्राच्या मोबाइलवर सगळ्यांचे ग्लास मोजायला सांग. प्रत्येकाला आधी विचारून ठेव की तू किती घेतलेस, आणि मग मोजलेला आकडा दाखव. मी तुला रागवायला आले नाही. तुझ्या वयाची पोरं मी रोज बघते आणि त्यांच्या आया बाहेरच्या पायऱ्यांवर बसलेल्या बघते.

उदगीरची

मी नवरीकडच्या बाजूनं बोलते. मुहूर्त टळून दोन तास झाले तरी परण्या मारुतीपासून हलत नाही, नवरदेवाचे मित्र गाडीतून उतरत नाहीत, उतरले की उन्हात उलट्या, आणि मुलीचे वडील हात जोडून उभे. हे आमच्या घरच्या लग्नात झालंय. रात्रभर जागलेल्या पोरांमुळं. त्या दिवसाची गोष्ट निघाली की वडील अजून गप्प होतात.

दादा, तुम्ही सांगून पोरं ऐकतील न ऐकतील. नवरदेवाला सांगा. त्यानं स्वतः एकेकाला बाजूला घेऊन म्हणावं, "माझं लग्न आहे, माझ्यासाठी एवढं करा." मित्र चुलत्याचं ऐकत नाहीत, भावाचं ऐकत नाहीत, नवरदेवाचं ऐकतात.

मांजराकाठ

मंडळी, रात्रीच सगळं वाचून काढलं अन् सकाळी नवरदेवाला घेऊन आखाड्यावर गेलो. उदगीरच्या ताईंचं म्हणणं एकदम बरोबर निघालं. मी बोललो तेव्हा पोरं मोबाइलमध्ये बघायली. तो बोलला तेव्हा सगळ्यांनी माना वर केल्या. फूडटेक यांचा क्वार्टर अन् दोन बाटल्यांचा हिशेब मी कागदावर लिहून नेला होता, तो एकानं हातातून घेऊन स्वतः पुन्हा केला. शेतकी डिप्लोमा झालेला पोरगा आहे. म्हणाला, "दादा, बरोबर आहे, अकराच्या वर येतंय." त्यानंतर जाराचा विषय कुणी काढला नाही.

ठरलं ते असं. मी दारू आणून देणार नाही, ते स्पष्ट सांगितलं. जार फक्त पाण्याचे अन् मठ्ठ्याचे, त्यांच्या तोट्यांवर माझी नजर. एनर्जी ड्रिंकच्या पेट्या यादीतून गेल्या. डीजे बाराला बंद. मटण-भाकरी आठलाच वाढायची, नाचाच्या आधी. आचाऱ्यानं कुरकुर केली, पण मानला. मंडपाच्या मागं दोन बाजा, तिथं कुणी पडला तर कुशीवर, अन् त्याच्याजवळ एक न पिणारा जागा. आमच्यात तसे तिघं आहेत. एकाचं नवस आहे, एक वारकरी आहे, एक मी. स्वारातीला जायचा रस्ता मांडवाच्या गाड्यांनी अडणार नाही असं पार्किंग केलंय.

चार-पाच जण तरी आपापली आणतील, हे मी धरून चाललोय. त्यांना पाण्यातूनच घ्या म्हणालो, निदान आपली आपल्याला कळेल.

एक शेवटचं. वऱ्हाड सकाळी आठला निघणार. दीड-दोन तासांचा रस्ता, पाच गाड्या, त्यातल्या तीन पोरंच चालवणार होती. रात्री एकपर्यंत घेऊन सकाळी कडक चहा पिऊन बसलं तर चालतं का? पोरं म्हणतात आंघोळ केली की उतरते.

रात्रपाळी

नाही उतरत. आंघोळीनं नाही, चहानं नाही, लिंबू चोखून नाही.

ढोबळ हिशेब देते, माणसागणिक थोडा बदलतो. साठ किलोचा पोरगा दहा ते एकच्या दरम्यान क्वार्टरभर प्यायला तर एकच्या सुमारास त्याच्या शंभर मिली रक्तात शंभरएक मिलिग्रॅम दारू असते. कायद्याची मर्यादा ३० आहे. तासाला साधारण पंधरा कमी होते. म्हणजे ३० वर यायला सकाळचे सहा वाजतात. त्यानं अडीचशेच्या आसपास घेतली असेल तर आठलाही तो मर्यादेच्या वर असू शकतो. पकडला गेला तर पहिल्याच वेळी १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. ते सोडा, कायद्यात बसला तरी रात्रभर न झोपलेला माणूस आहे तो. त्याच्या गाडीत मागं लेकरं आणि म्हाताऱ्या बसणार.

तीन भाड्याचे ड्रायव्हर करा. त्यांना रात्री नऊला जेवू घालून मंडपापासून लांब, कुणाच्या तरी घरी झोपवा, डीजेच्या आवाजात त्यांनाही झोप लागणार नाही. आणि घरच्या गाड्यांच्या चाव्या संध्याकाळीच गोळा करा. मोटारसायकलींच्या पण, त्या विसरू नका, आमच्याकडं येणारे जास्त त्यावरचेच असतात. चाव्या आण्णांकडं नकोत, ते पाहुण्यांत अडकतील आणि कुणी मागितली की देऊन टाकतील. नवरदेवाच्या आत्याकडं द्या.